मापो टोफूचा रस्सा वाढताच पातळ होतो, वर तेल येत नाही, फोडी फुटतात: कारणे आणि उपाय

मापो टोफू म्हणजे चीनच्या सिचुआन प्रांतातील, खिमा घातलेला टोफूचा झणझणीत लाल रस्सा. तो घरी करणाऱ्यांच्या तक्रारी ठरावीक असतात. कढईत असताना अंगाबरोबर दिसणारा रस्सा वाडग्यात काढून भाताशेजारी ठेवेपर्यंत कडेने पाणी सोडू लागतो, टोफूच्या फोडींचा चुरा तळाशी बसतो, आणि सिचुआनची राजधानी चेंगदू येथील खाणावळींत या पदार्थावर जो लालभडक तवंग असतो, त्याच्या जागी फिकट नारिंगी पाण्यावर तेलाचे चार थेंब तरंगताना दिसतात. मग पुढच्या वेळी तिखट वाढवले जाते, सॉसची बाटली बदलली जाते, कॉर्नफ्लोअर दुप्पट घातले जाते, आणि तरीही व्हायचे तेच होते. या तिन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा मसाल्यात नसून पाण्यात असते, म्हणजे पाणी कोणत्या टप्प्यावर पदार्थात आले, किती आले आणि ते कशाने धरून ठेवले, यात असते.

पुढील विवेचनासाठी एक प्रमाण गृहीत धरले आहे: ४०० ग्रॅम मऊ टोफू, १०० ग्रॅम खिमा, चार मोठे चमचे तेल, दोन मोठे चमचे दौबानज्यांग म्हणजे मिरची आणि बाकल्याच्या डाळिंब्या आंबवून केलेला खारट गोळा, एक लहान चमचा दौची म्हणजे आंबवलेले काळे सोयाबीन, आले, लसूण, एक वाटीभर म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर अळणी स्टॉक (हाडे किंवा भाज्या उकळून गाळलेले पाणी) किंवा साधे पाणी, आणि दीड मोठा चमचा बटाट्याचा स्टार्च. टोफू वाढवला आणि बाकीचे प्रमाण तेवढेच ठेवले, तर खाली दिलेले उपायही अपुरे पडतात, कारण प्रत्येक जादा फोड आपल्यासोबत जादा पाणी आणत असते.

रस्सा नेमका केव्हा पातळ होतो?

निदानाची सुरुवात या प्रश्नापासून करावी. कढईतच पातळ राहणे, वाढल्यावर पाच-दहा मिनिटांत पाणी सुटणे, जेवताना वाडग्यातच पाणचट होणे आणि दुसऱ्या दिवशी डब्यात पाणी दिसणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत.

रस्सा कढईतच दाट होत नसेल, तर बहुधा स्टार्च पुरता शिजलेला नसतो. स्टार्चचे कण गरम पाण्यात फुगतात आणि पाणी स्वतःत धरून ठेवतात, तेव्हाच रस्सा मिळून येतो. बटाट्याचा स्टार्च तुलनेने कमी तापमानाला आणि फार लवकर फुगतो, तर मक्याच्या स्टार्चला, म्हणजे आपल्याकडच्या कॉर्नफ्लोअरला, रस्सा पुन्हा खदखदेपर्यंत वेळ द्यावा लागतो. कालवलेले कॉर्नफ्लोअर ओतले, दोनदा डाव फिरवला आणि गॅस बंद केला, तर रस्सा पांढुरका आणि कच्चा लागतो व दाटही होत नाही. ते कालवण ओतण्यापूर्वी पुन्हा ढवळून घेणेही आवश्यक आहे, कारण स्टार्च दोन मिनिटांत तळाशी बसतो आणि मग वरचे नुसते पाणीच रस्स्यात जाते. ही बाब सांगण्यासारखीही नाही असे वाटते, परंतु घाईच्या स्वयंपाकात सर्वाधिक वेळा हेच घडते.

रस्सा कढईत उत्तम दिसला आणि वाढल्यावर थोड्याच वेळात त्याला पाणी सुटले, तर दोष टोफूकडे जातो. मऊ टोफूत सुमारे ८५ ते ९० टक्के पाणी असते. दौबानज्यांग आणि दौची हे दोन्ही पदार्थ मिठात मुरलेले असल्याने रस्सा चांगलाच खारट असतो, आणि असा खारट, तापलेला रस्सा टोफूतील पाणी बाहेर ओढतो. ही क्रिया गॅस बंद केल्यावर थांबत नाही. त्यामुळे स्टार्चने कढईतल्या पाण्याचा बंदोबस्त केलेला असला, तरी नंतर झिरपणाऱ्या पाण्याचा केलेला नसतो.

यावरचा पहिला उपाय टोफू कढईत जाण्यापूर्वीचा आहे. एक लिटर पाण्यात दोन लहान चमचे मीठ घालून ते उकळी फुटण्याच्या बेतापर्यंत तापवावे, आच अगदी मंद करावी आणि टोफूच्या दोन-अडीच सेंटिमीटरच्या फोडी त्यात हळूच सोडून पाच ते दहा मिनिटे ठेवाव्यात. पाणी खळखळा उकळू देऊ नये, नाहीतर फोडी एकमेकींवर आपटून कडा झिजतात आणि आत जाळीदार भोके पडतात. या गरम खारट पाण्यात टोफूचे काही पाणी आधीच निघून जाते, बाहेरचा थर आवळला जातो, फोडींना आतपर्यंत किंचित मीठ लागते आणि सोयाबीनचा कच्चा वासही कमी होतो. पुष्कळ जण इथपर्यंत सारे नीट करतात आणि मग फोडी चाळणीत काढून बाकीची तयारी करत बसतात. तेवढ्या वेळात त्या थंड होतात, स्वतःच्या वजनाने दबतात आणि कढईत गेल्यावर रस्स्याची उकळी मोडतात. फोडी त्या पाण्यातच राहू द्याव्यात आणि रस्सा खदखदू लागल्यावरच निथळून थेट कढईत घालाव्यात.

दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा आहे आणि घरगुती पाककृतींत तो अनेकदा गाळलेला असतो. सिचुआनमधील आचारी मापो टोफूला स्टार्च एकदा न लावता दोन-तीन हप्त्यांत लावतात. टोफू रस्स्यात तीन-चार मिनिटे रटरटला की दीड चमचा स्टार्च तीन चमचे पाण्यात कालवून त्याचा साधारण तिसरा हिस्सा कडेकडेने सोडावा, डावाच्या पाठीने फोडी पुढे ढकलाव्यात आणि रस्सा पुन्हा उकळू द्यावा. अर्ध्या-एका मिनिटात टोफू आणखी पाणी सोडतो आणि रस्सा पुन्हा सैल दिसू लागतो. तेव्हा दुसरा हिस्सा घालावा, आणि त्यानंतर तशाच रीतीने तिसरा. एकदम सारा स्टार्च घातला तर सुरुवातीला रस्सा खळीसारखा चिकट होतो आणि नंतर झिरपलेले पाणी त्याच्याभोवती वेगळे राहते, म्हणजे ज्याला आपण चोथापाणी म्हणतो ती अवस्था येते. तीन हप्त्यांत घातलेला स्टार्च फोडींना बिलगून बसतो. मला विचारले तर या पदार्थाच्या कृतीत एकच पायरी निवडून सांभाळायची असेल तर ती हीच आहे, आणि तिच्यासाठी कोणतीही दुर्मीळ सामग्री लागत नाही.

येथे स्टार्चच्या निवडीचाही प्रश्न येतो. बटाट्याच्या स्टार्चने रस्सा पारदर्शक, चकचकीत आणि मुलायम होतो, परंतु त्याचे फुगलेले कण नाजूक असल्यामुळे फार वेळ उकळल्यास किंवा जोराने ढवळल्यास ते फुटतात आणि दाट झालेला रस्सा परत पातळ होतो. कॉर्नफ्लोअर उकळीला जास्त टिकते, मात्र त्याचा रस्सा थोडा गढूळ दिसतो आणि थंड झाल्यावर थिजतो. लगेच जेवायला बसायचे असेल तर बटाट्याचा स्टार्च घ्यावा. पाहुणे उशिरा येणार असतील आणि पदार्थ थोडा वेळ मंद आचेवर ठेवावा लागणार असेल, तर कॉर्नफ्लोअर अधिक भरवशाचे ठरते.

जेवताना वाडग्यातच रस्सा पाणचट होण्याचे कारण पाककृतीत सापडत नाही, कारण ते कढईत नसतेच. आपल्या लाळेत अमायलेझ नावाचे विकर असते आणि ते स्टार्चचे झपाट्याने तुकडे करते. खाऊन झालेला चमचा पुन्हा वाडग्यात बुडवला की कोमट रस्स्यात हे विकर कामाला लागते आणि काही मिनिटांत दाटपणा मोडतो. कढईतील रस्सा चाखलेल्या चमच्यानेच पुन्हा ढवळण्याची सवयही, विशेषतः आच बंद केल्यानंतर, टाळावी. मधल्या वाडग्यासाठी वाढायचा चमचा वेगळा ठेवला की ही तक्रार तेथेच संपते.

पाण्याची आणखी एक वाट खिम्यातून येते. चेंगदूमध्ये या पदार्थात परंपरेने गोमांसाचा खिमा असतो, इतरत्र डुकराच्या मांसाचाही वापरतात. आपल्याकडे मटणाचा किंवा चिकनचा खिमा चालतो. मराठी घरांत खिमा धुऊन घेण्याची पद्धत आहे आणि धुतलेला खिमा पिळून कोरडा केला नाही तर तो तेलात परतला न जाता स्वतःच्या पाण्यात उकडतो. त्याचे पाणी पूर्ण आटून, तेल पुन्हा स्वच्छ दिसू लागून, कण सुटे आणि किंचित कुरकुरीत होईपर्यंत परतणे हा या पदार्थाचा ठरलेला भाग आहे. मऊ टोफूच्या घासात मध्येच दाताखाली येणारा तो कण अपेक्षितच असतो. शाकाहारी आवृत्तीसाठी भिजवून, घट्ट पिळून बारीक चिरलेले सुके शिताके मशरूम याच रीतीने परतावेत. सोया चुरा मी सुचवणार नाही, कारण तो तेलही पितो आणि रस्साही.

तवंग का येत नाही?

मिसळीची तर्री ज्यांनी केली आहे त्यांना हे तत्त्व नव्याने सांगायला नको: मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. तरीही दौबानज्यांग हा ओला सॉस दिसत असल्यामुळे तो अनेकदा स्टॉकसोबत किंवा स्टॉकनंतर घातला जातो, आणि मग लाल रंगद्रव्य तेलापर्यंत पोहोचतच नाही. दौबानज्यांग आधी सुरीने बारीक चिरून घ्यावे, कारण त्यात डाळिंब्या आणि मिरचीचे मोठे तुकडे असतात. मग मध्यम-मंद आचेवरील तेलात ते एक ते दोन मिनिटे सतत हलवत परतावे. सुरुवातीला जो फसफसाट होतो तो त्यातील पाणी जात असल्याचा असतो. तो शमला, तेल स्पष्ट लाल झाले आणि कच्च्या आंबूस वासाच्या जागी खमंग वास आला की दौची, आले, लसूण घालावे, आणि हे सारे झाल्यावरच स्टॉक ओतावा. मोठ्या आचेवर हेच काम वीस सेकंदांत उरकल्यास मिरची करपते आणि पदार्थाला जो कडवटपणा येतो तो नंतर कशानेही जात नाही.

दुसरे कारण तेलाची काटकसर. चार चमचे तेल पाहून हात आखडतो हे समजण्यासारखे आहे, परंतु दोन चमच्यांत तवंग येणार नाही, हेही तितकेच खरे. या पदार्थाची सुरुवात १८६२ च्या सुमारास चेंगदूच्या उत्तरेकडील वानफू पुलाजवळ चेन कुटुंबाच्या खाणावळीत झाली असे सांगतात, आणि तेथे येणारे गिऱ्हाईक म्हणजे प्रामुख्याने तेलाच्या कावडी वाहणारे हमाल होते, असाही त्या कथेचा एक भाग आहे. कथेचा तपशील कसाही असो, तेल हा या पदार्थाचा घटक आहे. ज्यांना ते खायचे नाही त्यांनी वाढताना वरचे तेल बाजूला सारावे. शिजवताना कमी करू नये. तवंगाखाली रस्सा जास्त वेळ गरम राहतो हा त्याचा आणखी एक उपयोग, आणि चटका बसेल इतके गरम असणे हे या पदार्थाच्या पारंपरिक गुणांमध्ये मोजले जाते.

तिसरे कारण पुन्हा स्टार्चपाशी येते. स्टार्चने दाट झालेला रस्सा तेलाला आपल्यात अडकवून ठेवतो. तिसरा हप्ता घातल्यानंतर आच मोठी करून साधारण अर्धा मिनिट, फोडी न हलवता, रस्सा जोराने खदखदू द्यावा. तेव्हा कडेने लाल तेल सुटू लागते. येथे घाईने गॅस बंद करणाऱ्यांच्या रस्स्यात तेल असते, पण दिसत नाही.

सॉस चांगला असूनही रंग फिका येत असेल तर चमचाभर ब्याडगी मिरचीची पूड घालण्यास हरकत नाही. सिचुआनची अर्जिंगत्याओ मिरची जशी जहालपणापेक्षा रंग आणि वास यांसाठी वापरली जाते, तशीच आपली ब्याडगी आहे. पूड तेलात पडताच करपू शकते, म्हणून स्टॉक हाताशी तयार ठेवूनच ती घालावी.

सॉसच चुकीचा असेल तर

चेंगदूजवळच्या पीश्येन भागातील, म्हणजे आताच्या पिदू जिल्ह्यातील, दौबानज्यांग मातीच्या मोठ्या रांजणांत महिनोन्महिने, उत्तम प्रतीचे असेल तर वर्षभराहून अधिक काळ मुरवले जाते. दिवसा ऊन दाखवतात, ढवळतात, रात्री दव पडू देतात आणि पाऊस आला की झाकतात. त्या मुरण्यातून आलेली चव तिखटाने भरून निघत नाही. आपल्या दुकानांतली शेजवान चटणी हा लाल मिरची, लसूण आणि बहुधा व्हिनेगर व साखर यांचा भारतीय चिनी पदार्थांसाठी तयार झालेला मेळ आहे. ती तव्यावरच्या डोशाला छान लागते, पण तिने केलेला मापो टोफू आंबट-गोड होतो आणि त्यात आधीच स्टार्च असेल तर दाटपणाचा हिशोबही चुकतो. तेलात बुडवलेल्या कुरकुरीत मिरचीच्या बाटल्याही या कामाच्या नाहीत, कारण त्यांत मुरलेल्या बाकल्याचा खारट, खोल स्वाद नसतो. दौबानज्यांग मिळतच नसेल तर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट) किंवा कोरियन सोयाबीनची पेस्ट आणि भिजवून वाटलेली ब्याडगी यांचे मिश्रण त्यातल्या त्यात जवळ जाते. तो मापो टोफू नव्हे, पण तो खाण्याजोगा असतो.

पदार्थ खारट होण्याचे कारण जवळजवळ नेहमी हिशोबातील दुबारीत असते. दौबानज्यांग, दौची, घातला असल्यास सोया सॉस, आणि टोफू भिजवलेले पाणी या चारही ठिकाणी मीठ आहे, म्हणून वरून मीठ घालू नये आणि स्टॉकचे विकतचे चौकोनी तुकडे वापरू नयेत. खारट झालाच, तर साखर घालून झाकण्यापेक्षा थोडे गरम पाणी आणि मूठभर जादा टोफू घालून स्टार्चचा आणखी एक हप्ता लावावा.

फोडी फुटतात, किंवा रबरासारख्या लागतात

फुटणे आणि वातड लागणे या दोन्ही तक्रारी टोफूच्या प्रकारावरून ठरतात. चीनमध्ये यासाठी जिप्समने विरजलेला मऊ टोफू घेतात. आपल्याकडे सोया पनीर म्हणून मिळणारा घट्ट टोफू फुटत नाही आणि पाणीही फारसे सोडत नाही, परंतु तो रस्साही आत घेत नाही, त्यामुळे वर झणझणीत रस्सा आणि आत कोरी वडी असा प्रकार होतो. डबाबंद रेशमी टोफू याच्या उलट टोकाला असतो. त्याची चव सर्वांत मऊसूत, पण चमचा लागला की तो मोडतो. दोहोंच्या मधला, बोटाने दाबल्यावर दबणारा पण न फुटणारा टोफू मिळाल्यास तोच घ्यावा. घरी लिंबू किंवा व्हिनेगर घालून केलेला टोफू रवाळ आणि किंचित आंबट होतो व रस्स्यात कणाकणाने विरतो, तेव्हा घरीच करायचा असल्यास खाद्य दर्जाचे कॅल्शियम सल्फेट, म्हणजे तेच जिप्सम, वापरावे. कोणताही टोफू असला तरी कालथ्याने परतू नये. डाव पालथा धरून त्याच्या पाठीने फोडी कढईच्या मध्यापासून हळूच पुढे सराव्यात, आणि कढई पसरट असावी म्हणजे फोडींवर फोडी चढत नाहीत.

तिखट आहे, पण जिभेला मुंग्या येत नाहीत

ही तक्रार सिचुआन मिरीची, म्हणजे पदार्थावर शेवटी भुरभुरायच्या, जिभेला मुंग्या आणणाऱ्या सुक्या फळांच्या टरफलांची आहे, आणि ती प्रामुख्याने जुन्या मालामुळे येते. मुंग्या आणणारे सॅन्शूल हे द्रव्य साठवणीत आणि दीर्घ उष्णतेत कमी होत जाते. २०१३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ओठांवर ही मिरी लावून पाहिले असता लोकांना जाणवणारी थरथर सुमारे ५० हर्ट्‌झच्या कंपनाशी जुळली. म्हणजे ही चव नसून एक प्रकारची स्पर्शसंवेदना आहे, आणि म्हणूनच तिखट वाढवून ती मिळत नाही. मिरीतील काळ्या चकचकीत बिया आणि देठ निवडून टाकावेत, कारण त्यांची फक्त कचकच लागते. टरफले मंद आचेवर वास सुटेपर्यंत कोरडी भाजावीत, ताजी कुटावीत, चाळावीत आणि वाडग्यात काढल्यावर अगदी शेवटी भुरभुरावीत. पाकिटावर सिचुआनमधील हानयुआनचे नाव असेल तर ती जात नावाजलेली आहे, पण दोन वर्षे पडून राहिलेल्या हानयुआनच्या मिरीपेक्षा ताजी साधी मिरी बरी.

कोकण-गोव्यातले तिरफळ याच कुळातले, एकाच प्रजातीतले नसले तरी एकाच वंशातले आहे, आणि बांगड्याच्या आमटीत घालताना आपणही त्याच्या बिया टाकूनच देतो. मिरी मिळाली नाही तर तिरफळाची पूड चालते. त्याचा वास अधिक उग्र असल्याने निम्म्याने सुरुवात करावी. काळी मिरी मात्र पर्याय नव्हे.

हिवाळ्यात मंडईत लसणाची पात मिळते, ती शेवटच्या स्टार्चसोबत घातल्यास मूळच्या जवळचा वास येतो. इतर वेळी कांद्याची पात चालते.

उरलेला मापो टोफू फ्रिजमध्ये पाणी सोडणारच, ते टाळता येत नाही. दुसऱ्या दिवशी सुटलेले पाणी पसरट कढईत आधी एकटे ओतून उकळावे, निम्मे आटले की फोडी त्यात सरकवून पूर्ण गरम कराव्यात, अर्धा चमचा स्टार्च कालवून एकच हप्ता लावावा आणि मिरीची ताजी पूड पुन्हा भुरभुरावी, कारण आदल्या दिवशीच्या पुडीचा जोर तोवर गेलेला असतो. मायक्रोवेव्हमध्ये तो तसाच गरम केल्यास फोडी आकसतात आणि उरलेसुरले पाणीही बाहेर येते.